नवापूरची बकरी

तारापूरच्या फॅक्टरीच्या गेटवर खांद्यावर भाताचा भारा घेऊन उभा राहिलेला सीनियर केमिस्ट तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. तोही अंगात मेंढीच्या कातड्याचा केसाळ कोट आणि डोक्याला फरची टोपी घालून! आता आमच्याकडे डिसेंबरात सकाळी जेमतेम स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोही काढून कमरेला बांधावा लागतो. पण सरांचं तसं नव्हतं. बावीस डिसेंबर उजाडला की त्यांच्यापुरता बर्फ पडायला लागायचा.

"सर, हे काय आहे?" वॉचमनने विचारलं.

"आजोबा."

वॉचमनने भाऱ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मग त्यांना व्हिजिटर पास लागेल."

माझी नोकरी लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मी मागे उभी राहून ओढणी तोंडात कोंबून हसत होते. सेफ्टी ऑफिसर धावत आले. लॅबमध्ये सॉल्व्हंटच्या बाटल्या, आणि हा माणूस वाळलेलं गवत आत घेऊन निघालेला! बरीच वादावादी झाली. शेवटी आजोबांनी वॉचमनच्या केबिनमध्ये बसावं असं ठरलं. सरांनी भारा कोपऱ्यात उभा केला, त्याला लाल फीत बांधली, नमस्कार केला आणि कामावर निघून गेले. दुपारी सेफ्टी ऑफिसर केबिनवरून गेले तेव्हा वॉचमनने आजोबांसमोर मनोभावे पेटती उदबत्ती लावलेली होती. साहेबांचा चेहरा असा पांढराफटक पडला की बास. वॉचमन बिचारा म्हणत होता, "म्हातारं माणूस घरात आलं की एवढं तर करायला पाहिजे ना, साहेब!"

सरांना मात्र त्याचं फार कौतुक वाटलं. "बघ, त्याला कळलं," मला म्हणाले. "बीएस्सीवाल्यांना नाय कळत."

सर म्हणजे आमच्या क्वालिटी लॅबचे मुख्य. नवापूरच्या मच्छीमार घरातले. वडील होडीवर, आई बोंबील सुकवून बाजारात विकणारी. पोरगं हुशार निघालं आणि सोव्हिएत काळातली स्कॉलरशिप मिळून केमिस्ट्री शिकायला थेट युक्रेनला गेलं, ल्विव शहरात. येताना सर पदवी घेऊन आले, तो कोट घेऊन आले आणि डोक्यात हे खूळ घेऊन आले. रंगाच्या सॅम्पलची शेड बघताना कोणी 'बहुतेक' म्हटलं तरी त्याला फाडून खाणारा हा माणूस, पण डिसेंबर लागला की त्याचा पार ताबा सुटायचा.

त्यात पहिलं दुखणं म्हणजे सांताक्लॉज. आमच्या एचआरच्या मुलीने कँटीनमध्ये लाल टोप्या टांगल्या की सर तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलेच म्हणून समजा.

"तुजं हे बुजगावणं लाव, माजं काय म्हणणं नाय," ते सुरू करायचे. "पण सण मूळ कोणाचा ते सांग."

"सर, ख्रिश्चन लोकांचा."

"चूक! आधी सूर्य, मग बाकीचे." टेबलावर थाप. "युक्रेनात धर्म पोचला हजारएक वर्षांखाली. त्याच्या आधी लोक काय करायचे हिवाळ्यात? झोपायचे? अगं, दिवस लहान लहान होत जातो. शेतकऱ्याला वाटतं, सूर्य मरतोय. मग सगळ्यांत लांब रात्र येते. ती सरली की दिवस तीळभर वाढतो. सूर्य परत जन्माला आला! म्हणून घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, धान्याचा भारा आजोबा म्हणून घरात मानानं बसवायचा, मेलेल्या वाडवडिलांना जेवायला बोलवायचं. धर्म आला तो मागनं, त्यानं फक्त वरनं रंग मारला."

मॅनेजर साहेबांना हे सहन होत नसे. ते एकदा मोबाइल पुढे नाचवतच आले. "हे बघा, इथे लिहिलंय! तुमच्या त्या सणाच्या नावाचं, कोल्यादा शब्दाचं, मूळ रोमन लोकांच्या कॅलेंडरमध्ये आहे म्हणे. म्हणजे तेही उसनंच!"

"शब्द कुठनंही येऊ दे हो," सर उसळले. "गाणं कुठनं आलं? त्यांची काही गाणी आहेत, त्यात ना येशू, ना मेरी. सुरवातीला नुसतं पाणी. ना आभाळ, ना जमीन. पाण्यातून वर आलेलं एक झाड, त्यावर पाखरं. ती पाखरं बुडी मारतात, तळाची वाळू वर आणतात आणि त्या वाळूचं जग होतं. आता मला सांगा, ह्यात तुमचा रोमन कुठं आला? आमच्या दर्यावर पाखरं बुडी मारताना मी रोज बघतो, जगाची सुरवात ही अशीच झाली असणार!"

मॅनेजर साहेब "बरं बरं" म्हणत निघून गेले. हे 'बरं बरं' म्हणजे आपण जिंकलो, असा सरांचा हिशोब होता.

आणि ती खीर! त्यांच्या सणाच्या जेवणात पहिला मान उकडलेल्या गव्हाचा. त्यात खसखस आणि मध. सर घरून डबा भरून आणायचे. चवीला आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळची, फक्त गुळाऐवजी मध असल्यामुळे घशाला चिकटणारी. पण खायच्या आधी विधी. घरातला कर्ता पहिला चमचा वर छताला फेकतो. जितके दाणे चिकटतील तितकं वर्ष चांगलं जाणार. लॅबचे कर्ते सर. छत फॉल्स सिलिंगचं. खाली कंपनीतलं सगळ्यांत महागडं मशीन. आम्ही पोरींनी मशीनवर प्लॅस्टिक पसरलं आणि सरांनी चमचा भिरकावला. काय नेम होता! एकूण एक दाणा चिकटला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर मॅनेजर साहेब एका पाहुण्याला घेऊन आत आले, आणि आमच्या चांगल्या वर्षातले दोन दाणे टपकन पाहुण्याच्या हेल्मेटवर पडले.

"लीकेज आहे?" पाहुण्याने वर बघत विचारलं.

"नाय साहेब," सर म्हणाले, "भरभराट हाय."

कँटीनच्या मावशींशी मात्र सरांचं खास गूळपीठ. मावशी डोंगराकडच्या पाड्यावरच्या, पावसावर पिकणारं थोडंसं भात त्यांचं. सरांचा तो भारा त्यांच्याच शेतातून यायचा. आजोबांची गोष्ट ऐकून मावशींनी नाक उडवलं होतं. "आमी भाताला आई म्हणतो. तुमच्या तिकडं आजोबा म्हणत असतील तर म्हणा, आमचं काय जातंय." मग दोघांत आई खरी की आजोबा खरा यावर चहा थंड होईपर्यंत भांडण. दरवर्षी तेच, आणि दोघांनाही त्यात भलता आनंद.

पण सरांच्या सगळ्या गोष्टींची राणी म्हणजे बकरीची गोष्ट. ती आम्हाला तोंडपाठ होती, तरी आम्ही ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो, कारण ती सांगताना हा जाडजूड माणूस खुर्चीवरून उठून नाचायला लागायचा.

गोष्ट अशी. कॉलेजातल्या एका मित्राने सरांना सणाला आपल्या डोंगरातल्या गावी यायचं आमंत्रण दिलं. आता त्या काळात सरकारला हे सण नको होते आणि परदेशी विद्यार्थ्याला परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. सर गेले. चोरून, ट्रकमध्ये बटाट्यांच्या पोत्यांआड बसून. गावात घरोघरी गाणाऱ्यांची टोळी तयार होतीच. अशा टोळीत एक बकरी लागते. म्हणजे माणूसच, पण कातडी कोट उलटा घातलेला आणि शिंगांचा मुखवटा चढवलेला. ती घरोघरी नाचते, नाचता नाचता मरून पडते. गाणारे थांबतात. मग घरधनिणीने तिला धान्य द्यायचं. दिलं की बकरी उठते, सूर्य उठतो, वर्ष उठतं.

"आता मी असा काळा, गावभर सगळे गोरे," सर सांगायचे. "लपवायचं कुठं? सोपं हाय. मलाच बकरी केलं!"

मित्राच्या घरी सर मरून पडले. मित्राच्या आईने ओंजळभर गहू टाकले, सर उठले आणि उत्साहाच्या भरात मुखवटाच निसटला. त्या बाईने आयुष्यात हिंदुस्थानी माणूस पाहिला नव्हता. तिने घाबरून छातीवर क्रुसाची खूण केली. मग ती इतकी हसली, इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. पहाटेपर्यंत तिने त्यांना खाऊ घातलं. निघताना हा कोट तिनेच दिला. "ह्या जगात माजी दुसरी आई ती," असं सर म्हणायचे आणि मग उगाच चष्मा पुसत बसायचे.

युद्ध सुरू झालं त्यानंतरच्या एका डिसेंबरात सर लॅबमध्ये आले ते टोपीशिवाय. भारा नाही, डबा नाही. सांताच्या टोप्यांखालून मुकाट्याने गेले. मी हातातली बाटली ठेवून मागोमाग गेले.

"मित्राचा फोन आलेला," ते म्हणाले.

मित्राचा मुलगा लढाईत मारला गेला होता. दिवाळीच्या सुमारास बातमी आली होती, पण सरांनी आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. गेली काही वर्षं गावातली बकरी तोच मुलगा व्हायचा. आता टोळीतली बाकीची पोरंही सीमेवर. या वर्षी कोणाच्याच दारात बकरी येणार नव्हती. आणि ऐंशी ओलांडलेल्या आजीने, तीच ती कोट देणारी, घरात जाहीर केलं होतं की बकरी दारात आल्याशिवाय मी सणाच्या ताटावर बसणार नाही. सणाच्या दिवशी ते लोक पहिली चांदणी दिसेपर्यंत उपाशीच असतात. त्यापुढेही म्हातारी उपाशीच राहणार होती. दोन दिवस, चार दिवस, तिचा काही नेम नव्हता.

"मित्र म्हणतो, तू एकटाच उरलास," सर म्हणाले. "फोनवरनं ये. पण एकट्यानं ते होत नाय गं. टोळी लागते."

"मग? आहे की टोळी!" मी म्हणाले. मला स्वतःलाच ऐकून धक्का बसला. मी वाणगावची, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी गायले नव्हते!

पण त्या चार शब्दांनी सर असे उठले की खुर्ची मागे आडवी झाली. पुढचे दिवस काय धमाल! दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये तालीम. शब्द आम्ही तळहातावर देवनागरीत लिहून घेतले. रिअ‍ॅक्टरवरचा बिहारी ऑपरेटर ढोलक घेऊन आला. दोन दिवस त्याने निमूट वाजवलं, तिसऱ्या दिवशी ढोलक खाली ठेवलं.

"सर, मतलब तो बताइए. हम बजा क्या रहे हैं?"

"अरे, सूरज को उठा रहे हैं!"

"तो पहले बोलते ना! छठ में घुटने भर पानी में खड़े होके हम और क्या करते हैं?" त्यानंतर त्याने असा ठेका धरला की भांडी घासणाऱ्या बायकाही पदर खोचून पुढे आल्या. मावशींचा आवाज तर डोंगरावरून हाक मारायची सवय असलेला. सर म्हणाले, हा आवाज फोन नसता तरी युक्रेनात पोचला असता.

सणाच्या संध्याकाळी आम्ही नवापूरला सरांच्या अंगणात जमलो. आपल्याकडे जेवणाची वेळ, तिकडे नुकतं सांजावलेलं. बोंबलांच्या दोऱ्या बाजूला केल्या होत्या. मुखवटा मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याचा, शिंगं नारळाच्या वाळलेल्या झावळीच्या देठाची, दाढी फाटक्या जाळ्याची. काठीवर सूर्य म्हणून दिवाळीतला आकाशकंदील. सर उलटा कोट घालून घामाने निथळत होते. कोटातल्या डांबरगोळ्यांचा वास वाऱ्यावर गावभर पसरला. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं, आणि सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, प्रत्येकाला सांगत होत्या, "हसू नका, त्यांचं काम हाय ते."

फोन मी धरला होता. पडद्यावर मेणबत्तीच्या उजेडात एक ताठ बसलेली म्हातारी. डोक्याला रुमाल, हात मांडीवर. समोरचं ताट झाकलेलं.

आम्ही सुरू केलं. देवा रे, काय गायलो आम्ही! शब्द चुकले असतील, सूर तर नक्कीच चुकले, पण मावशी, ढोलक आणि मागून समुद्र! सर नाचायला लागले. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा, पण त्या कोटात विशीचं पोरगं शिरलं होतं. गरगर फिरले, शिंगं उडवली आणि धाडकन वाळूत कोसळले. आम्ही ठरल्याप्रमाणे गप्प झालो. म्हातारीचा हात ताटाकडे सरकताना मला दिसला.

आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली वाटतं तिकडं," मी म्हणाले. पुन्हा लावला. नाही. परत. नाही. तिकडे वीज गेली की नेटवर्कही जायचं, हे सरांनीच सांगितलं होतं.

इकडे कुंपणापाशी एकच कालवा. "अरे, पडला तो उठत का नाय?" एक शेजारीण कांदा फोडून घेऊन आली, दुसऱ्याने नाकाला लावायला चप्पल काढली, कोणीतरी रिक्षा आणायला पळालं. मुखवट्याच्या आतून सर खेकसले, "ए, हात लावू नको! मेलोय मी!"

आम्ही पोट धरून हसलो. काकी पुढे झाल्या. "उठा आता. फोन गेलाय. कोण बघतंय?"

"नाय. त्या घरचं धान्य आल्याशिवाय नाय."

"अवो, मच्छर फोडून खातील!"

"खाऊ दे."

मावशींनी ओच्यात आणलेले तांदूळ पुढे केले. "माझ्या हातचं घ्या, दादा, आणि उठा." सर म्हणाले, "मावशी, तुमच्या पाया पडतो, पण तुमचं नाय चालणार. तिचंच पाहिजे." आणि पडून राहिले.

आम्ही हसतच होतो. मग एकदम माझ्या डोक्यात आलं. म्हातारीने शेवटचं बघितलं काय? बकरी पडलेली! तिचा नातू बकरी व्हायचा. नातू पडला, तो पडलाच. आता आम्ही एवढ्या लांबून, वाजतगाजत तिच्या दारात जाऊन, पुन्हा एक बकरी पाडून आलो होतो. मी वेड्यासारखी फोन लावत सुटले. ऑपरेटर त्याच्या फोनवरून लावत होता. काकींना काय वाटलं कोण जाणे, त्या वाळूतच सरांशेजारी बसल्या आणि पदराने मच्छर वारत राहिल्या. मला रडू यायला लागलं होतं आणि मी ते लपवलंही नाही.

किती वेळ गेला, देव जाणे. ढोलकवाल्याने तर हात जोडले होते. आणि फोन वाजला.

"आला! सर, आला!"

पडदा हलत होता. मोटारीच्या आतला मिणमिणता दिवा. नेटवर्क पकडायला मित्राने आईला गाडीत घालून डोंगराच्या टेपाडावर आणलं होतं. घोंगडीत गुंडाळलेली म्हातारी, मांडीवर गव्हाचं वाडगं. मी धावत जाऊन फोन सरांच्या शिंगांसमोर वाळूवर धरला. ती डोळे बारीक करून बघत राहिली. बकरी अजून तिथेच होती, तिच्यासाठी मरून पडलेली.

तिने चमचा भरला आणि सरळ फोनवर फेकला! काचेवर गहू, खसखस, मध सगळं फासलं गेलं. त्यामागून ती बकरीला उठवायचा एकच शब्द ओरडली. असला आवाज त्या एवढ्याशा देहातून निघाला की मावशीसुद्धा दचकल्या.

सर उठले. आधी एक शिंग, दुसरं पडताना मोडलं होतं. मग हात टेकून, कण्हत, एक गुडघा, दुसरा गुडघा. उभे राहिले आणि आभाळाकडे तोंड करून असे काही बें बें करून ओरडले की ढोलक आपोआप सुरू झालं. आम्ही गात होतो, गाव टाळ्या पिटत होतं, काकी डोळे पुसत होत्या. त्या सगळ्या गोंगाटात म्हातारी हळूच काहीतरी बोलली. सर नाचता नाचता जागच्या जागी थांबले.

"काय म्हणाल्या, सर?" मी विचारलं.

त्यांनी मुखवटा काढला. चेहरा ओलाचिंब.

"म्हणाली, उठला. एक तरी उठला."

मित्राने तिकडून बाहीने काच पुसली. घोंगडीत बसलेली म्हातारी वाडगं तोंडाशी धरून भराभर जेवत होती.